तळ्याकाठचे घर विकणे आहे

"तळ्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, जुन्या धाटणीचे परंतु आधुनिक सोयींनी युक्त असे, राहते घर विकणे आहे. विहीर बारमाही. संपूर्ण नूतनीकरण झालेले."

गतवर्षी वैशाखात आमच्या पुतण्याने ही जाहिरात लिहून आम्हांस तपासावयास दिली. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील चुका काढण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा सवयीने लाल पेन हाती घेऊन बसलो. परंतु चूक काही सापडेना. तळे पाच मिनिटांवर आहे हे खरे. धाटणी जुनी हे खरे. सोयी आधुनिक हेही खरे, आणि विहिरीचे पाणी चैत्रातही आटत नाही हे तर आम्ही जन्मापासून पाहत आलो. एकही शब्द खोटा नसता सगळी मिळून ती जाहिरात मात्र खरी नव्हती, आणि हे त्या घरात आमच्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. वडिलार्जित घर विकण्याचा प्रसंग आज आपल्यांतील अनेक कुटुंबांवर येत आहे. म्हणून या प्रसंगी आमची जी परीक्षा झाली आणि तीत आम्ही प्रथम कसे नापास झालो, ते या महिन्यात वाचकांस निवेदन करतो.

घर सावंतवाडीचे. गावाच्या मध्यभागी मोती तलाव, त्याच्या समोर संस्थानिकांचा राजवाडा, पलीकडे नरेंद्र डोंगर, आणि लाकडी खेळण्यांसाठी सर्वत्र नावाजलेली चितारआळी. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांस आमच्या लेखणीने ते दिसावयाचे नाही. आमच्या आजोबांनी जांभ्या दगडाचे हे घर बांधले. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, त्याला लागून देवघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. वर मंगळुरी कौले. भाद्रपदात गणपती तळ्याकडे निघाले म्हणजे घरातील झाडून सारी मुले पडवीच्या कठड्यावर चढून बसत. त्यांत आमचे थोरले बंधू, आम्ही आणि धाकटी बहीण अशी तिघेही होतो.

आता बंधू नाहीत. त्यांचा मुलगा पुण्यास असतो. बहीण विधवा असून तीही पुण्यासच भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. आमच्या कुटुंबाचे गुडघे दुखतात, आणि दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळावयास माणूस मिळविणे हे आताशा वरसंशोधनाहून अवघड झाले आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, २०२३ च्या आरंभी मोपा येथील विमानतळावरून उड्डाणे होऊ लागली. तेव्हापासून घाटावरची आणि मुंबईकडची मंडळी आमच्या बाजूस घरे पाहत हिंडताना अधिक दिसतात. तेव्हा तिघांनी मिळून विकण्याचे ठरविले. तिघांनी असे मुद्दाम म्हणतो. कित्येक सुशिक्षित घरांतूनही अद्याप बहिणीची सही हा उपचार समजला जातो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बहिणीचा हिस्सा हा भावाने घातलेली ओवाळणी नव्हे.

आता त्या नूतनीकरणाची हकीकत सांगावयास हवी, कारण सगळ्याचे मूळ तेथे आहे. २०१७ च्या दिवाळीनंतर आम्ही घर दुरुस्तीस काढले. सारवलेली जमीन जाऊन तेथे गुळगुळीत फरशी आली. परसातले न्हाणीघर घरात आले. स्वयंपाकघरात उभ्याने रांधावयाचा काळ्या दगडाचा ओटा झाला. भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा जागोजागी पोपडे धरीत होता, तो खरवडून सिमेंटचा गिलावा केला आणि वर धुता येणारा चकचकीत रंग दिला. आल्यागेल्याने वाखाणणी केली, आणि आम्हीही खुळ्यासारखे फुगलो.

जांभा दगड सच्छिद्र असतो. दिव्याच्या वातीने तेल चढावे तसे भिंतीच्या बुडातून जमिनीतले पाणी त्यात वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जाते. म्हणून आमच्या आजोबांच्या काळी भिंत ओलावत असे आणि वाळतही असे. सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा रंग ही वाट पुष्कळशी बंद करतात. मग कोंडलेले पाणी आणखी वर चढते. गिलाव्यामागे पांढरा क्षार साचतो, आणि भिंतीत जेथे तुळईचे टोक बसविलेले असते तेथपर्यंत ओल पोचली की ते लाकूड कुजू लागते. वाळवीला असे ओलसर लाकूड फार प्रिय. ती भिंतीच्या आतून मातीच्या नळ्या करीत येते, उजेडाला भिऊन तुळईचा गाभा खाते, आणि बाहेरची साल तशीच ठेवते. पाहणाराला तुळई धडधाकट दिसते.

आमच्या माजघराच्या तुळईत वाळवी नूतनीकरणाच्या आधीपासूनच शिरलेली होती. म्हातारा सुतार शिडीवर चढला, त्याने वाकसाच्या मुठीने तुळईवर टकटक केले आणि खाली उतरून म्हणाला, "गुरुजी, ह्या तुळयेत आता काय उरूक नाय. भायरसून बरी दिसता, भुतूर पोकळ." तुळई बदलावयाची तर छप्पर उतरवावे लागणार होते. पैसे ओट्यात आणि फरशीत गेले होते. शेजारच्या तुळईस तात्पुरता टेकू घेऊन भार थोडा वाटून द्यावा आणि दोन वर्षांत पुरते काम करावे, असे ठरले. तोपर्यंत ते विद्रूप दिसू नये म्हणून आम्ही खालून पातळ लाकडी फळ्यांचे शोभिवंत छत ठोकून घेतले. दोन वर्षांची सात झाली, म्हातारा सुतार वारला, आणि छताखाली दिवे छान दिसू लागले. जे रोज दिसत नाही ते हळूहळू नाहीसे झाले असे वाटू लागते. मनुष्याच्या मनाचाही हाच गिलावा.

जाहिरात वाचून वैशाखाच्या शेवटी कोल्हापूरकडील एक दांपत्य घर पाहावयास आले. गृहस्थ डाकखात्यातून निवृत्त झालेले, बाई हौशी. निवृत्तीचे सर्व पैसे या एका घरात घालावयाचे होते. बाईंनी तुळशीवृंदावनाला हात लावून नमस्कार केला, विहिरीत डोकावून पाहिले, आणि माजघरात येऊन वर पाहत म्हणाल्या, "किती हो सुरेख छत केले आहे! आणि किती गार वाटते इथे. आम्ही निजावयाची खोली हीच करू."

आम्ही काय म्हणालो? काहीच नाही. "चहा घ्या" इतके म्हणालो. असत्य भाषण म्हणावे असे एक अक्षरही आम्ही उच्चारले नाही. दांपत्य आनंदाने परत गेले आणि आठ दिवसांत इसार देतो म्हणून सांगून गेले.

त्या रात्री झोप आली नाही. मॅट्रिकनंतर पाठशाळेत जे थोडे संस्कृत शिकलो त्याच्या आधारावर जन्मभर शाळेत भाकरी मिळविली. म्हणून सकाळी उठून जुनी पुस्तके काढली. मनात अशी आशा होती की शास्त्रकारांनी कोठे तरी आम्हांस मोकळीक ठेवली असेल. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विक्रीचा विचार आहे. एका वस्तूत दुसरी मिसळून विकू नये, निःसत्त्व वस्तू विकू नये, मापात उणी विकू नये, आणि झाकलेली वस्तू विकू नये, असे तेथे सांगितले आहे. हे शेवटचे आम्ही मुलांना कित्येकदा शिकविले होते. परंतु त्यात आमच्या माजघराचे छत येते हे त्या दिवशी प्रथम दिसले. त्याच अध्यायात पुढे घेणाराला किंवा देणाराला पश्चात्ताप झाला तर दहा दिवसांच्या आत व्यवहार परत फिरविण्याची मुभा आहे. दहा दिवसांत वाळवी दिसत नसते.

कौटिल्याचे अर्थशास्त्र कित्येक शतके लुप्त होते; म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी ते १९०९ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात घर विकण्याची रीत दिली आहे. विकत घेण्याचा मान आधी भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग ज्यांचे ऋण आहे त्यांचा, आणि त्यानंतर बाहेरच्यांचा. घराच्या समोर उभे राहून, आसपासच्या चाळीस कुळांतील माणसांसमक्ष ते घर विकावयाचे आहे असे जाहीर करावे आणि किंमत त्रिवार पुकारावी. चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ करासह राजाच्या खजिन्यात जावी, हा तपशील आमच्या पुतण्यास मुळीच रुचणार नाही. चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या राज्यात कल्याण नगरीत मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर एक जुने वचन देतो. त्यात गाव, ज्ञाती, शेजारी आणि वारस यांची संमती घेऊन, सुवर्ण आणि उदक देऊन भूमी हस्तांतरित होते असे म्हटले आहे. आणि तो त्याचा उलगडाही करतो की, ही संमती व्यवहार निर्वेध व्हावा, पुढे सीमेचे तंटे उपजू नयेत, म्हणून घ्यावयाची. या दोघांच्या रीती वेगळ्या. पण दोन्हींत घर चारचौघांच्या उजेडात हात बदलते. शेजाऱ्यास कोणाच्या तुळईत काय आहे हे ठाऊक असते. आज खरेदीदार परगावचा आणि शेजारी मुका. मग तो उजेड विकणाऱ्यानेच दाखवावयास हवा.

पुतण्यास दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, मनूच्या वेळी नोंदणी कार्यालय नव्हते. आपण घर जसे आहे तसे विकतो आहोत. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहावे. छत उचकटून दाखवा असे कोणता कायदा सांगतो?"

आम्ही गावातील एका परिचित वकिलांस पुसले. त्यांनी हसून १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे पंचावन्नावे कलम पुढे ठेवले. मिळकतीत अथवा मालकीहक्कात जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि साधारण दक्षता बाळगूनही घेणाऱ्याच्या ध्यानात आला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. विरुद्ध करार नसेल तर हे त्याचे कर्तव्य आहे आणि न सांगणे हे कपट समजले जाते. उघड्या तुळईला लागलेली वाळवी पाहणे हे घेणाऱ्याचे काम. छत ठोकून झाकलेली वाळवी सांगणे आमचे. हे कलम घेणाऱ्यालाही बांधते: विकणाऱ्याच्या हक्काविषयी, मिळकतीचे मोल वाढविणारी एखादी गोष्ट त्याला ठाऊक असून विकणाऱ्याला नसेल, तर तीही त्याने सांगावी. म्हणजे मनूने सांगितले आणि इंग्रजांनी लिहिले ते या एका ठिकाणी तरी जुळले.

इतके झाल्यावर वाट सरळ होती असे वाचकांस वाटेल. तशी ती नव्हती. नव्या सुताराने तुळई आणि भिंतीचे काम साडेतीन लाखांचे सांगितले होते. तेवढी किंमत उतरणार, आणि तिचा तिसरा वाटा बहिणीच्या पैशांतून जाणार. त्या पैशांतून तिला स्वतःची एक खोली घ्यावयाची होती. आमच्या मनाच्या शांततेचे मोल विधवा बहिणीने का भरावे? स्वतःच्या खिशातून खरे बोलणे निराळे आणि दुसऱ्याच्या खिशातून खरे बोलणे निराळे. हा युक्तिवाद आम्हांस दोन दिवस फार भक्कम वाटला. आता वाटते, तो बहिणीच्या नावाने आम्ही आमच्यासाठीच रचलेला होता.

शेवटी तिला सगळे सांगितले. छताखाली काय आहे हे आजवर तिलाही सांगितलेले नव्हते. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "दादा, ती बाई निजणार कुठे?"

"माजघरात," आम्ही म्हणालो.

"मग अजून विचार कसला करतोस?"

चाळीस वर्षे विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले. इतका सोपा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. आम्ही तुळईच्या किमतीचा हिशेब करीत होतो, आणि ती तुळईखाली कोण निजणार ते पाहत होती.

दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या गृहस्थांस पत्र लिहिले. इसार पाठवू नये, प्रथम पुन्हा येऊन पाहावे, आणि यावयाचे ते पावसात यावे, असे कळविले. कोकणातील घर वैशाखात पाहू नये, आषाढात पाहावे. वैशाखात सगळीच घरे कोरडी असतात. पत्राचे उत्तर आले नाही. वीस दिवस गेले. पुतण्या काही बोलला नाही, आणि त्याचे ते न बोलणे आम्हांस ऐकू येत होते. व्यवहार मोडला अशी आमची खात्री झाली. सत्याचे फळ तत्काळ मिळते असे आम्ही बालबोध पुस्तकांतून शिकविले आहे; त्याबद्दल त्या वीस दिवसांत आम्ही जुन्या विद्यार्थ्यांची मनोमन क्षमा मागितली.

आषाढात, धो धो पावसाच्या दिवशी, ते दांपत्य आपला सुतार बरोबर घेऊन आले. आम्ही स्वतः शिडी धरली. छताच्या चार फळ्या काढल्या. सुताराने तुळईत पटाशी खुपसली ती मुठीपर्यंत आत गेली, आणि बारीक भुसा बाईंच्या पायांशी पडला. परसाकडील भिंतीवर गिलावा ठोकून पाहिला, तो पोकळ वाजला. बाईंचा चेहरा उतरला. गृहस्थांनी आमच्याकडे पाहून विचारले, "हे तुम्हांस त्या दिवशी ठाऊक होते?"

"होते," आम्ही म्हणालो.

यापेक्षा लांब उत्तर आम्ही तयार केले होते. परंतु ते बाहेर आले नाही.

त्यांनी घर घेतले. साडेतीन लाख कमी करून घेतले आणि एक अट घातली: जे दाखविले ते सर्व खरेदीखतात लिहून द्यावे. तसे लिहून दिले. सवलतीची रक्कम बहीण आपल्याही हिश्शातून द्यावयास निघाली होती. आम्ही ती आमच्या हिश्शातून वळती केली. आधी आम्हीही तिचे तीन सारखे भाग करून ठेविले होते, हे कबूल केले पाहिजे. मग ध्यानात आले की घर तिघांचे असले तरी छत एकट्या आमचे होते.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी दोन शब्द. घेणाऱ्यांनी मिळकतपत्रिका काढावी, वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध करवावा, बहिणी-मुलींसह सर्व वारसांच्या सह्या पाहाव्या, आणि 'नूतनीकरण' हा शब्द दिसताच तुळया ठोकून पाहाव्या. नवी फरशी कशावर घातली आहे, नवा रंग कशावर दिला आहे, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. विकणाऱ्यांनी यांची वाट पाहू नये. जुने घर नवे करणे यात पाप नाही. आजोबांनीही त्यांच्या काळी पेंढा काढून कौले घातलीच असतील. परंतु दुरुस्ती कोणती आणि झाकण कोणते, हे घर करणाऱ्यास नेहमी ठाऊक असते.

किल्ल्या देण्याच्या आदल्या रात्री आम्ही मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिला. देवघरावरील तिसऱ्या ओळीतले कौल वादळी पावसात सरकते. विहिरीचा रहाट डाव्या हाताने धरावा. फणसाच्या मुळ्या न्हाणीघराच्या मोरीकडे येतात, त्या दर दोन वर्षांनी तोडाव्या. पडवीचा कठडा मुलांच्या भाराला भक्कम आहे. असे एकवीस मुद्दे झाले. कार्तिकात त्या बाईंचे पत्र आले. तुळई नवी बसली, माजघरात आता छत नाही, लाकूड उघडे ठेविले आहे. आणि कागदातील अठराव्या मुद्द्याचा अर्थ लागत नाही, तो कृपया पुन्हा समजावून लिहावा. आम्ही उलट टपाली लिहिला.